पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटाचा पुडा: आपल्या कुत्र्या-मांजरांच्या बाजूने परीक्षण

आधी निकाल सांगते, मग कारणं. साधं ग्लुकोज बिस्किट कुत्र्यासाठी विष नाही. मोठ्या, निरोगी कुत्र्याने दिवसाला दोन-तीन खाल्ली तर त्याला काही होत नाही. पण ते त्याचं अन्नही नाही, आणि आपल्या मुंबईत कितीतरी लोक ते अन्न म्हणूनच घालतात. मांजराला ते घालायचं काहीच कारण नाही. महिन्याच्या आतल्या पिल्लाला तर अजिबात घालू नये. आणि दुकानात त्याच फळीवर, त्याच्या शेजारी ठेवलेल्या काही पुड्यांमधली बिस्किटं कुत्र्याला खरोखर घातक आहेत. हे शेवटचं वाक्य लोकांपर्यंत पोचावं म्हणूनच मी लिहायला बसले.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी विलेपार्ले पूर्वेला राहते. नोकरी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात झाली, डाएटिशियन म्हणून. मधुमेहाच्या पेशंटला किती पोळ्या, किडनीच्या पेशंटला किती मीठ, हा माझा रोजचा हिशेब. निवृत्तीनंतर घरात सुपारी आली. आमच्याच गल्लीतली गावठी कुत्री, दहा किलोची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. तिच्यामागून ठकी नावाची मांजर आली. पुड्यामागचे घटक वाचायची सवय नोकरीने लावलेली, ती आता या दोघींसाठी उपयोगी पडते.

पार्लेकरांना या बिस्किटाविषयी काय वाटतं हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. 1929 साली इथे कारखाना सुरू झाला, आधी गोळ्या-चॉकलेटं, मग काही वर्षांनी बिस्किटं. पार्ले ग्लुकोचं नाव 1980च्या दशकात पार्ले-जी झालं. 2016 साली इथला कारखाना बंद झाला, तोवर स्टेशनवर उतरलं की भाजलेल्या बिस्किटांचा वास यायचा. लोकलमध्ये डोळे मिटून बसलेला माणूससुद्धा त्या वासाने पार्लं आलं हे ओळखायचा. माणसांनी हे बिस्किट खावं की नाही, यावर मी इथे एक शब्दही लिहिणार नाही. कंपनीने ते माणसांसाठी केलंय, कुत्र्यांसाठी नाही. कुत्र्यापुढे ते आपण ठेवतो, म्हणून हे परीक्षण आपल्या घालण्याचं आहे, बिस्किटाचं नाही.

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या गल्लीत फिरलात तर कळेल. टपरीवर कटिंग घेणारे दोघेतिघे, त्यातल्या एकाच्या हातात फोडलेला पुडा, आणि समोर शेपट्या हलवणारे चार कुत्रे. गुरुवारी गर्दी जास्त, कारण दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. शनिवारी काळ्या कुत्र्याला शोधत येणारे वेगळे. खंडोबाचं घराणं असेल तर कुत्र्याला घास काढायची रीत घरातलीच. पारशी लोकांमध्येही कुत्र्याचा घास काढायची परंपरा आहे, आणि 1832 साली सरकारने रस्त्यावरची कुत्री मारायला काढली तेव्हा याच शहरात पारशी समाज त्याविरुद्ध रस्त्यावर उतरला होता. कुत्र्याला खाऊ घालणं या शहराच्या हाडात आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. म्हणूनच त्या हातात काय असावं यावर बोलायला हवं.

आता पुडा उलटा करू. मागे लिहिलेले घटक साधारण असे असतात: गव्हाचं पीठ, साखर, पाम तेल, इन्व्हर्ट सिरप म्हणजे साखरेचाच पाक, पीठ फुलवणारी द्रव्यं, दुधाची पावडर, मीठ, इमल्सिफायर. यातलं एकही कुत्र्याला त्या प्रमाणात विषारी नाही. गव्हाचं पीठ कुत्र्याला पचतं. लांडग्याचा कुत्रा होताना, माणसाच्या उष्ट्यावर वाढताना त्याच्या शरीरात स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या, हे 2013 साली संशोधकांनी दाखवलं. त्यामुळे "कुत्रा मांसाहारी, त्याला पोळी-बिस्किट पचतच नाही" असं कोणी ठासून सांगितलं तर ते खरं नाही. आपली गावठी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर जगली आहेत.

प्रश्न विषाचा नाही, प्रमाणाचा आहे. शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा साखर. प्रथिनं सहा-सात टक्के. घरच्या काट्यावर ठेवलं तर एक बिस्किट चार-पाच ग्रॅम भरतं, म्हणजे वीसेक कॅलरी. सुपारीसारख्या दहा किलोच्या, ऑपरेशन झालेल्या कुत्रीला दिवसाला सहाशेच्या आसपास कॅलरी लागतात. जनावरांचे डॉक्टर सांगतात की खाऊ म्हणून जे काही देतो ते दिवसाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. साठ कॅलरी झाल्या. तीन बिस्किटं. पंधरा किलोचा रस्त्यावरचा कुत्रा असेल तर चार.

आणि आपण घालतो किती? पुडा. छोटा पुडा पन्नास ग्रॅमच्या आसपासचा धरला तरी सव्वादोनशे कॅलरी झाल्या, आणि अडीच-तीन चमचे साखर. सुपारीच्या दिवसभराच्या गरजेचा तिसरा हिस्सा एका पुड्यात संपतो, आणि त्यातून तिला अंगाला लागेल असं काय मिळतं? वाढलेल्या कुत्र्याच्या कोरड्या खाण्यात निदान अठरा टक्के प्रथिनं असावीत असं मानक आहे, वाढत्या पिल्लाच्या खाण्यात साडेबावीस. बिस्किटात त्याच्या निम्मीही नाहीत. कॅल्शियम किरकोळ. पोट भरतं, भूक मरते, आणि खरं अन्न समोर आलं की तोंड फिरवलं जातं. आमच्या गल्लीतला राजा नावाचा कुत्रा याचं धडधडीत उदाहरण. चार घरची बिस्किटं खाऊन तो दुपारी भात हुंगतो आणि निघून जातो. पोट गोल आहे, केस मात्र राठ आणि विरळ. लोक म्हणतात, काय मस्त तब्येत आहे. ती तब्येत नाही, नुसतं वजन आहे.

वजन ओळखायची खूण मला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात कळली. नवीन मंडळींसाठी सांगते, प्राण्यांच्या त्या जुन्या रुग्णालयाला आपण मराठी माणसं बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतो. ते चालवणारी संस्था 1874 सालची, आणि त्या आवारातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचं. तिथे एका डॉक्टरीणबाईंनी माझेच हात धरून सुपारीच्या बरगड्यांवर ठेवले. बोटं नुसती फिरवली तर बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, दिसल्या नाही तरी चालतील. दाबून शोधाव्या लागल्या तर कुत्रा जाड आहे. हाडं वर आली असतील तर रोड आहे. यापेक्षा सोपी तपासणी नाही, गल्लीतल्या ओळखीच्या कुत्र्याचीही करता येते.

दातांचं मात्र मी स्वतः पाहिलेलं सांगते, कारण ते कोणी बोलत नाही. सुपारीला संध्याकाळी पाहुण्यांनी बिस्किटं दिली होती. रात्री तिचे दात घासायला बसले. वरचा ओठ बाजूला केला तर मागच्या मोठ्या दाढेच्या बाहेरच्या अंगाला, हिरडीला लागून, करडा-पिवळा लगदा चिकटलेला. पाणी पिऊन झालेलं, जेवण झालेलं, तरी तो तसाच. बोटाने पुसला तर निघेना, ओल्या सुती कापडाने खरवडून काढावा लागला. हे बिस्किट लाळेत विरघळतं म्हणून आपल्याला चहात बुडवायला आवडतं, आणि विरघळतं म्हणूनच ते दाढेवर बसतं. कुत्रा चूळ भरत नाही. हिरड्यांचा आजार हा कुत्र्यांमध्ये फार मोठ्या प्रमाणावर आढळणारा आजार आहे, आणि आपल्याला कळतो तो तोंडाला घाण वास यायला लागल्यावर. रस्त्यावरच्या कुत्र्याचे दात घासायला कोण जाणार?

मधल्या मधे दोन समज बाजूला करते. "गोड खाल्लं की जंत होतात", हे मी रोज ऐकते. जंत साखरेतून येत नाहीत. जंतांची अंडी मातीतून, विष्ठेतून पोटात जातात, आणि पिल्लांना तर आईच्या पोटात असतानाच होतात. त्यावर उपाय जंताचं औषध, वेळच्या वेळी. दुसरा समज असा की साखर खाल्ली की कुत्र्याला थेट मधुमेह होतो. इतकं सरळ ते नाही. कुत्र्याच्या मधुमेहात शरीरात इन्सुलिन तयार होणंच बहुतेकदा बंद पडतं, आणि त्यामागे अनेक कारणं असतात. पण लठ्ठपणाने सांधे जातात, धाप लागते, आणि ज्याला आधीच मधुमेह झालाय त्याच्या इन्सुलिनचा मेळ एका पुड्याने बिघडतो. बिस्किट बंद करायला एवढं पुरेसं आहे, खोटी भीती घालायची गरज नाही.

चहात बुडवून देणाऱ्यांना मात्र कळकळीची विनंती, नका देऊ. चहात कॅफिन असतं आणि कुत्र्याला ते आपल्यापेक्षा जास्त बाधतं. थेंबभर चहाने कुत्रा मरत नाही, हे खरं. पण बशीभर चहा छोट्या कुत्र्याला द्यायचा, वर साखर, वर दूध, हे कशासाठी? दुधातली साखर बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना आणि मांजरांना पचत नाही, आणि मग जिन्यात जुलाब होतात. सोसायटीत भांडणं लागतात ती इथून.

पिल्लांवर थोडी थांबते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. पावसाळ्यात कुत्री आडोसा शोधते. मीटर रूममध्ये, जिन्याखाली, बंद पडलेल्या गाडीच्या खाली पिल्लं सापडतात. मुलं धावत येतात, हातात बशी, बशीत पाणी घातलेलं दूध आणि त्यात चुरलेलं बिस्किट. त्या मुलांचा जीव किती तुटत असतो ते मी पाहते, त्यांना रागवायचं नाही. पण तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला पीठ पचत नाही. गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के स्निग्धांश असतो, कुत्रीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त, आणि प्रथिनंही दुपटीच्या घरात. पाणी घातलेलं दूध आणि बिस्किट म्हणजे पिल्लाला उपास आणि जुलाब एकदमच. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी जुलाबाने काही तासांत कमी होतं.

आई जवळपास असेल तर पिल्लांना काही देऊ नका, आईला द्या. उकडलेली अंडी, मऊ भात, बिनमिठाचं बिनहाडाचं चिकन, भांडंभर पाणी. ती खाईल आणि दूध तीच पाजेल. आई खरंच नसेल तर पिल्लांसाठीची दुधाची पावडर औषधांच्या आणि प्राण्यांच्या दुकानांत मिळते, ती कोमट करून, पिल्लाला पालथं ठेवून पाजायची. उताणं धरून पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं. आधी पिल्लू गरम करायचं, मग पाजायचं. गार पडलेल्या पिल्लाला पाजलेलं पचत नाही.

ठकीकडे वळते. मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणारं जनुकच तिच्यात निकामी झालेलं आहे, हे 2005 साली सिद्ध झालं. तरी काही मांजरं बिस्किट चाटतात, ती बहुधा तेलाच्या आणि दुधाच्या वासाने. मांजर मात्र खरोखर मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक तिला अन्नातूनच, म्हणजे मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदय कमकुवत होतं. दूध-बिस्किट, दूध-पोळी यावर वाढवलेली मांजर वरून गुबगुबीत दिसेल, पण आतून तिची उपासमार चाललेली असते. शाकाहारी घरांमध्ये मांजर पाळायची हौस असेल तर मांजरासाठी बनवलेलं तयार खाणं आणावं. बिस्किटाने ती उणीव भरून निघत नाही.

सशाला बिस्किट नको, त्याचं आतडं गवतावर चालतं आणि साखर-पिठाने बिघडतं. माशांच्या टाकीत बिस्किटाचा चुरा टाकणारी घरं मी पाहिली आहेत. मासे थोडंसं खातात, बाकी तळाशी कुजून पाणी गढूळ होतं. एवढं पुरे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. वाण्याकडे ग्लुकोजचा पुडा संपला की लोक म्हणतात, "दुसरं कुठलंही द्या, कुत्र्यालाच घालायचंय." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कुठलंही चालत नाही.

चॉकलेटचं बिस्किट घालू नका. कोकोमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की उलट्या, अस्वस्थपणा सुरू होतो, चाळीस-पन्नासला हृदयाचे ठोके बिघडतात, साठला झटके येऊ शकतात. मोठ्या कुत्र्याने एखादं क्रीमचं चॉकलेट बिस्किट गिळलं तर घाबरून जायचं कारण नाही, त्यात कोको कमी असतो. पण तीन किलोच्या पॉमेरियनने काळ्या चॉकलेटचे तुकडे घातलेल्या कुकीजचा पुडा फस्त केला तर गोष्ट गंभीर आहे.

बेदाणे किंवा मनुका घातलेलं फळांचं बिस्किट, केक, बन हे चॉकलेटहूनही फसवं आहे. द्राक्षं आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. एका कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला थोडक्यात होतं, त्यामुळे सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच. 2021 साली पशुवैद्यांनी मांडलं की यामागे टार्टारिक आम्ल असावं. ते चिंचेतही असतं, म्हणून मी सुपारीला आमटीतला चिंचेचा कोळही लावू देत नाही. आणि गणपतीत लक्ष ठेवा. मोदकाचा छोटा तुकडा खाल्ला तर बिघडत नाही, पण पंचखाद्यात आपण बेदाणे घालतो आणि लहान मुलं प्रसाद मोठ्या प्रेमाने कुत्र्याच्या तोंडात देतात. शिऱ्याचंही तेच. प्रसादाचा पहिला द्रोण मी बेदाणे वेचून बाजूला काढते.

बिनसाखरेची बिस्किटं हा आणखी एक धोका. नाव वाचून वाटतं, साखर नाही म्हणजे कुत्र्याला बरं. आपल्याकडच्या अशा बिस्किटांत बहुतेकदा माल्टिटॉल असतं, पुड्यावर 965 असा आकडा असतो. त्याने पोट बिघडेल, जीव जाणार नाही. पण 967 हा आकडा किंवा झायलिटॉल हे नाव दिसलं तर तो पुडा कुत्र्याच्या जवळही ठेवू नका. माणसाला ते निरुपद्रवी आहे. कुत्र्याच्या शरीराला मात्र ते साखरच वाटतं, इन्सुलिन भसाभसा सुटतं, अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर कोसळते आणि कुत्रा लडखडायला लागतो. किलोमागे एक दशांश ग्रॅम त्याला पुरतं. यकृतालाही ते मारतं. बिनसाखरेचं च्युइंगम, मुखवासाच्या गोळ्या, टूथपेस्ट, काही शेंगदाण्याचं बटर यांतही ते सापडतं, म्हणून पर्स जमिनीवर ठेवायची नाही हा आमच्या घरचा नियम.

मसाल्याची खारी बिस्किटं कांदा-लसणाची पावडर असेल तर बाद. कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशी फुटतात, मांजराच्या जास्तच. नानकटाई आणि खारीत तूप-डालडा भरपूर, त्याने स्वादुपिंडाला सूज यायचा धोका, विशेषतः जाड आणि वयस्क कुत्र्याला. मारी बिस्किट या सगळ्यांत बरं, साखर आणि तेल ग्लुकोजपेक्षा कमी. औषधाची गोळी दडवून द्यायची असेल तर मी तेच ओलं करून वापरते.

मग घालायचं काय? आमच्या गल्लीतले नाना, वय ऐंशीच्या पुढे, रोज सकाळी दोन पुडे घेऊन उतरायचे. मी त्यांना एकदा विचारलं, "नाना, एक अंडं केवढ्याला पडतं?" म्हणाले, "वहिनी, आमच्या घरात अंडं शिजत नाही हो." खरंच होतं ते. मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, पोळी. कालची, बिनतुपाची, चार तुकडे करून, वर बिनमिठाचं वरण आणि चमचाभर घट्ट दही. नानांना आधी पटेना, कारण बिस्किट दिसलं की कुत्रे जसे उड्या मारतात तसे पोळीला मारत नाहीत. ते म्हणाले, "त्यांना आवडतं म्हणून देतो." मी म्हटलं, "नाना, नातवालाही आवडतं म्हणून तुम्ही रोज जिलबी देता का?" ते हसले. आता पोळी जाते, आणि वर प्रत्येकाला एक-एक बिस्किट. नानांचा आनंद शाबूत आणि कुत्र्यांचाही.

अंडं चालत असेल त्यांनी एक उकडलेलं अंडं दोन कुत्र्यांत द्यावं. उकडलेला लाल भोपळा, गाजर, बिनमिठाचा भात चालतो. चिकन घातलं तर शिजलेलं हाड नको, ते फुटून टोकदार होतं आणि घशात-आतड्यात रुततं. सुकट-जवळा घालायचा तर तो खारट असू शकतो, म्हणून भरपूर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, मगच. आणि काहीही घालताना शेजारी पाण्याचं भांडं ठेवा. मुंबईच्या मे महिन्यात अन्नापेक्षा पाण्याची गरज मोठी असते.

रस्त्यावर घालणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सोसायटीने खाणं घालायची जागा ठरवायची असते, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ठरवलेल्या जागीच घाला असं सांगितलं. तेव्हा गेटवर, मुलं खेळतात तिथे किंवा जिन्याच्या तोंडाशी घालू नका, कुत्र्यांचाच जीव त्यात धोक्यात येतो. दुसरं म्हणजे रिकाम्या पुड्याचं वेष्टन खिशात घाला. त्याला आतून बिस्किटाचा वास आणि चुरा चिकटलेला असतो, कुत्रा ते चाटता चाटता गिळतो, आणि आतड्यात प्लास्टिक अडकलं की पोट फाडावं लागतं.

पाचपैकी गुण द्यायचे तर, मिळायला सोपं यासाठी पाच, कुत्र्याच्या आवडीला पाच. पोषणाला एक. दातांना शून्य. सुरक्षिततेला, साधं ग्लुकोज आणि दोन-तीनच असतील तर, चार. मांजरासाठी एकूणच शून्य. मी घरात एक छोटा पुडा ठेवते, डब्यात, वरच्या फळीवर. सुपारीला नखं कापून झाली की एक मिळतं, आणि त्या एकासाठी ती चारही पंजे मुकाट्याने देते. त्या कामाला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला मिळालेलं नाही.

कुत्र्याने चुकून चॉकलेटचं, बेदाण्याचं किंवा 967 लिहिलेलं काही खाल्लंच तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानेच जीव जाऊ शकतो. दूध पाजूनही उतारा पडत नाही. "अजून तर बरा दिसतोय" म्हणून थांबू नका. बेदाण्याचा परिणाम मूत्रपिंडावर दिसायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. डॉक्टरांना लगेच फोन करा, कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, किती आणि किती वाजता, एवढं सांगा, आणि निघताना फाटका का होईना तो पुडा बरोबर घ्या, मागची घटकांची यादी डॉक्टरांना बघायची असते.